अकरा नंबरची काच

तुमच्या गल्लीतली सगळ्यात जुनी भिंत कोणती, हे तुम्ही कदाचित सांगाल. पण त्या भिंतीवरची भेग गेल्या वर्षी होती तेवढीच आहे की वाढली आहे, हे तुम्हाला सांगता येईल का?

नाही येणार. मलाही येत नव्हतं. जुन्या इमारतींबद्दल आपल्याकडे मतं भरपूर असतात. एका बाजूला वारसा, ठेवा, अभिमान. दुसऱ्या बाजूला जुनाट, धोकादायक, जागा अडवणारी. दोन्ही बाजूंचे लोक रस्त्यात उभे राहून भांडतात आणि भिंतीकडे दोघांचीही पाठ असते. शब्द बाजूला ठेवून आधी भेग बघणारा एकच माणूस मी पाहिला. नाशिकच्या जुन्या भागात त्यांना काचवाले काका म्हणत.

ते सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले होते. दर शनिवारी सकाळी ते सिडकोतून बसने यायचे. काखेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा, खिशात ओळंबा आणि हातात लांबट वही. डब्यात खिडकीच्या काचेच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या असायच्या. जुन्या भिंतीवर भेग दिसली की ते तिच्यावर आडवी पट्टी ठेवायचे, दोन्ही टोकांना चुना आणि विटांच्या भुकटीचे गोळे लावून ती घट्ट बसवायचे आणि गोळा ओला असतानाच खिळ्याने त्यात नंबर आणि तारीख कोरायचे. झालं. नंतर दर शनिवारी फक्त बघायचं. भेग हलली नाही तर काच साबूत राहते. केसभर जरी हलली तरी काच तडकते, कारण काचेला वाकता येत नाही.

"भेग असणं हा आजार नाही," ते म्हणायचे. "तुमच्या आजोबांच्या तोंडावर सुरकुत्या आहेत म्हणून त्यांना कोणी पाडतं का? भेग जिवंत आहे की मेलेली, एवढंच विचारायचं."

ते कोणत्याही इमारतीला सुंदर म्हणत नसत. कोणी कॅमेरा घेऊन आलेला उत्साही माणूस कोरीव खांबासमोर उभा राहून वा वा करू लागला, की काका तिथून निघून जात. "इमारत छान-बिन काही नसते," ते मला एकदा म्हणाले. "उभी असते, नाहीतर पडलेली असते. मधल्या अवस्थेत असली तर माझ्यासारखा माणूस लागतो."

आणि ते भिंत चाटायचे. हे मी गमतीने लिहीत नाही. एखादा गिलावा जुना आहे की नंतरचा, हे ठरवायला ते बोटाने धूळ पुसायचे आणि सरळ जिभेचं टोक लावायचे. चुना जीभ ओढून घेतो, सिमेंट ओळखही दाखवत नाही, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतली पोरंटोरं त्यावरून चिडवायची. चहाच्या टपरीवर कोणीतरी हटकून म्हणायचं, "काका, आज नाश्त्याला कुठली भिंत?" काका न हसता सांगायचे, "दक्षिणेकडची. मीठ कमी होतं."

स्वतःच्या सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातही त्यांनी काचा लावल्या होत्या. एक स्वयंपाकघराच्या ओट्यावर, एक देवघराशेजारी. काकू पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या घरात तोंड बघायला आरसा नाही, पण भिंतींना काचा आहेत." त्या दोन्ही काचा मी पहिल्यांदा गेले तेव्हा तडकलेल्या होत्या. काकांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी फक्त वही उघडून दाखवली. दोन्ही केव्हा तडकल्या ते लिहून ठेवलं होतं आणि तडकलेल्या काचा जागच्या जागी होत्या. "तुटलेली काच काढायची नसते," ते म्हणाले. "तिचं काम तुटल्यावर सुरू होतं."

हे वाक्य तेव्हा मला विक्षिप्त म्हाताऱ्याचं वाक्य वाटलं. मी ते हसून विसरले. त्याची किंमत पुढे दुसऱ्यांनी मोजली.

आमची ओळख झाली ती एका पत्रकामुळे. माझे वडील भद्रकालीतल्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या वस्तीतली, चळवळीतली, कामगारांची, सगळी पत्रकं त्यांच्या हातून जायची. मी मुळाक्षरं शिकले ती वाया गेलेल्या प्रुफांवर. माझ्या शाळेच्या वह्यांना तपकिरी कागदाची नाही, उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'गवत' यांच्याआधी वाचता येत होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी स्वतः पत्रकं लिहू लागले आणि जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत वाटू लागले. त्या वेळचं पत्रक पाण्याबद्दल होतं. एका दगडी धर्मशाळेच्या दिंडीदरवाजात एक उंच, वाकलेला माणूस भिंतीला नाक लावून उभा होता. मी त्याच्या हातात पत्रक दिलं. त्याने ते पूर्ण वाचलं. मग कानामागची पेन्सिल काढून एका शब्दाखाली रेघ मारली आणि पत्रक मला परत दिलं.

शब्द होता 'शेकडो'. शेकडो कुटुंबं पाण्यावाचून.

"मोजली?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कुटुंबं. शेकडो म्हणजे निदान दोनशे. मोजली असतील ना."

मी म्हणाले, "अन्यायाला मोजपट्टी लावायची नसते."

"मग कशाला लावायची?" ते म्हणाले, आणि परत भिंतीकडे वळले.

मी चिडून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी मोजायला बाहेर पडले. त्रेसष्ट कुटुंबं निघाली. पुढच्या शनिवारी जाऊन मी त्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "त्रेसष्ट पुष्कळ झाली. त्रेसष्ट लिहिलं असतं तर मी दुसरी ओळ वाचली असती." तेव्हापासून त्यांनी माझं नाव पत्रक ठेवलं. दिसले की विचारायचे, "काय पत्रक, आज किती शेकडो?" मी दर शनिवारी त्यांच्याबरोबर फिरू लागले. का, ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा हरायची सवय नव्हती म्हणून.

त्यांची सगळ्यात आवडती इमारत ती धर्मशाळाच होती. आवडती हा शब्द माझा. त्यांच्या वहीत तिला फक्त एक क्रमांक होता. नदीच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत ती उभी होती. खाली काळ्या दगडाच्या कमानी, वर नंतर चढवलेला विटांचा मजला, मागे त्याच्याही नंतरची पत्र्याची शेड. कोणा सावकाराच्या विधवेने ती यात्रेकरूंसाठी बांधली असं लोक सांगत. काका म्हणत, "सांगतात हा शब्द नकाशात घालता येत नाही." मग तिथे रेशनचं दुकान झालं, मग चार वर्ग भरले, आणि मी पाहिली तेव्हा तळमजल्यावर भाडेकरू होते. मालकी एका ट्रस्टची होती.

भाडेकरूंत दक्षिणेच्या खोलीत एक तांबट मावशी होती. चांदवडहून लग्न होऊन आलेली, नवरा गेल्यावर त्याचीच हातोडी घेऊन बसलेली. दिवसभर ती भिंतीला पाठ टेकून, पायाच्या अंगठ्यात घंगाळं धरून ठोके देत बसायची. तिच्या डोक्यावर, हातभर उंचीवर, अकरा नंबरची काच होती. मागच्या सिंहस्थाची गर्दी ओसरली त्या वर्षी काकांनी धर्मशाळेत वीस काचा लावल्या होत्या, त्यातली ही एक. ठोक्यांनी भिंत खिळखिळी होते असा ट्रस्टचा दावा होता. काका काचेकडे बोट दाखवायचे. "ती रोज ऐकते आहे. तिला विचारा."

माझ्या घरी मात्र या इमारतीचं नाव काढलेलं चालत नसे. माझे आजोबा रेल्वेच्या मजुरीसाठी मनमाडहून नाशकात यायचे तेव्हा या धर्मशाळेच्या बाहेरच्या ओट्यावर झोपायचे. दिंडीच्या आत त्यांना जाता येत नव्हतं. पाऊस आला तरी नाही. आत मोकळ्या खोल्या असल्या तरी नाही. वडील म्हणायचे, "ती धर्मशाळा पडेल त्या दिवशी मी छापखान्यात पेढे वाटीन. आणि तू तिच्या भिंती पुसत हिंडतेस."

हे मी काकांना सांगितलं. मुद्दाम, जरा जोरात सांगितलं. मला बघायचं होतं ते काय म्हणतात. त्यांनी सहानुभूती दाखवली असती तर मी भांडले असते. त्यांनी वाईट दिवस होते वगैरे म्हटलं असतं तर मी पत्रक काढलं असतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. डब्याखालून गुंडाळलेला एक मोठा नकाशा काढून ओट्यावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. धर्मशाळेचे नकाशे मी आधी दोन पाहिले होते, एक ट्रस्टच्या कचेरीतला आणि एक कोणा अभ्यासकाचा. दोन्हींत बाहेरचा ओटा नव्हता. नकाशा दिंडीपासून सुरू व्हायचा. काकांच्या नकाशात ओटा होता, लांबी-रुंदीसकट, आणि उंबऱ्याजवळ बारीक अक्षरात लिहिलं होतं: येथपर्यंत.

"मला नोकरीत असताना एका म्हाताऱ्या गवंड्याने सांगितलं होतं," ते म्हणाले. "दोघांतिघांना विचारून खात्री केली, मग लिहिलं. नकाशाला लाज नसते. जे आहे ते काढायचं." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, पेढे जरूर वाटा. पण भिंत गेली की तुमचा साक्षीदार गेला."

मी हे वडिलांना सांगितलं. ते जेवत होते. घास घेऊन म्हणाले, "म्हातारा पुढच्या वेळी आला की छापखान्यात घेऊन ये." आमच्या घरात याला मोठा विजय म्हणतात.

पुढचा सिंहस्थ दोनेक वर्षांवर आला आणि गल्लीत जागांना अचानक महत्त्व आलं. ट्रस्टने धर्मशाळेमागचं परसू विकलं आणि इमारत धोकादायक ठरवावी म्हणून अर्ज केला. पाहणीचा दिवस ठरला, गुरुवार. इंजिनिअरने धोकादायक लिहिलं की भाडेकरू बाहेर आणि इमारत खाली, हे सगळ्यांना माहीत होतं. भाडेकरूंकडे वकील नव्हता. त्यांच्याकडे काकांची वही होती. नऊ वर्षं, दर शनिवार, वीस काचा, एकही तडा नाही. काका म्हणाले, "इंजिनिअरला वही देऊ आणि भिंत दाखवू. आपण बोलायचं नाही."

आणि पाहणीच्या दहा-बारा दिवस आधी ते तापाने पडले.

शनिवारी मी सिडकोत गेले. दोन पांघरुणांखालून त्यांनी वही काढली आणि माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत त्यांनी ती कोणाच्याही हातात दिलेली मी पाहिली नव्हती. "फक्त बघ आणि लिही," ते म्हणाले. "दुसरं काही करू नकोस."

मी गेले. एक ते दहा साबूत. मावशीच्या खोलीत गेले तर ती ठोके न देता बसली होती. वर न बघताच म्हणाली, "ते तुमचं अकरा नंबर बघ जरा."

काच मधोमध तुटली होती. दोन तुकड्यांत नखभर अंतर पडलं होतं.

"कधी?"

"काय म्हाईत. मागं ते मशीन लावलंय ना खणायला, बुधवारपासून. मांडणीवरची भांडी लय नाचत होती. काल बघते तर ही अशी."

मागच्या परसात नव्या मालकाने तळघरासाठी खड्डा खणला होता, थेट आमच्या भिंतीलगत. मला तो खड्डा माहीत होता. त्याच्यावर पत्रकाचा मसुदा माझ्या पिशवीत होता. पहिली ओळ अशी: बिल्डरांच्या घशात आमचं शहर. मी ती ओळ लिहिली होती आणि तरीही तुटलेली काच बघून माझ्या डोक्यात खड्डा आला नाही. डोक्यात एकच गोष्ट आली. गुरुवारी इंजिनिअर हे बघणार, ट्रस्टचे सेक्रेटरी बोट दाखवणार, आणि नऊ वर्षांची वही एका तुकड्यापायी रद्दी होणार.

मी हार्डवेअरच्या दुकानातून पांढरं सिमेंट आणलं. मावशीकडे गेरू होता, तो मिसळून रंग जुळवला. काचेच्या दुकानातून त्याच रुंदीची पट्टी कापून आणली आणि बसवली. जुन्या गोळ्यावरची तारीख बघून बघून खिळ्याने तशीच कोरली, त्यांचा सात मान वाकडी करून असतो तसा वाकडा. वरून भट्टीची राख चोळली. मावशी बघत होती. एकदाच म्हणाली, "काकांना सांगशील ना?" मी म्हणाले, "त्यांना ताप आहे." जुनी काच आणि जुने गोळे कागदात गुंडाळून मागच्या खड्ड्यात भिरकावले. मग वही उघडली आणि माझ्या अक्षरात लिहिलं: ११ – साबूत.

लबाडी केली असं मला वाटलं नाही. गरिबांच्या बाजूने केलेली गोष्ट खोटी कशी असेल, असंच माझं मत होतं. ते मत मी पत्रकांतून शिकले होते आणि त्याला कोणी पेन्सिलने रेघ मारली नव्हती.

गुरुवारी सकाळी काका स्वेटर घालून रिक्षातून उतरले. चेहरा उतरलेला होता. दारात ट्रस्टचे सेक्रेटरी उभे होते, पांढरी सफारी, हातात फाइल. म्हणाले, "या काका. आज डॉक्टरच आजारी."

"डॉक्टर आजारी असला तरी पेशंटची नाडी तीच असते," काका म्हणाले.

इंजिनिअर तरुण होता आणि माणूस सभ्य होता. त्याने वही चाळली, पानं उलटत गेला, आणि त्याचा आवाज बदलला. "साहेब, नऊ वर्षं तुम्ही दर आठवड्याला येताय?" काका म्हणाले, "दोन शनिवार चुकलेत. बहीण गेली तेव्हा. तेही लिहिलंय."

एक ते दहा बघून झाल्या. प्रत्येक काचेपाशी इंजिनिअर टॉर्च मारायचा आणि खूण करायचा. सेक्रेटरींचं तोंड लहान होत चाललं होतं. मग आम्ही मागच्या दाराने परसात आलो आणि काका थांबले.

"हे काय आहे?"

"तळघर," सेक्रेटरी म्हणाले. "त्या जागेशी आमचा आता संबंध नाही."

काका काठावर उकिडवे बसले. खिशातून ओळंबा काढला, खाली सोडला, दोरी बोटांनी मोजली. "आपल्या पायाच्याही खाली गेलेत," ते म्हणाले. "केव्हा खणलं?"

मावशीने सांगितलं, "गेल्याच्या गेल्या बुधवारी."

काकांनी बोटांवर दिवस मोजले. तापलेल्या चेहऱ्यावर मी एवढा आनंद पूर्वी पाहिला नव्हता. ते इंजिनिअरकडे वळले. "साहेब, आता लिहून घ्या. मी न बघता सांगतोय. आत अकरा नंबरची काच तुटलेली असणार. नऊ वर्षं मेलेली भेग, आणि खड्डा पडल्यावर आठ दिवसांत जिवंत झाली. दोष इमारतीचा नाही, खड्ड्याचा आहे. तुमची नोटीस तिकडे गेली पाहिजे. चला, दाखवतो."

ते पुढे निघाले. अंगणातून मावशीच्या दारापर्यंत पंधरा पावलं असतील. त्या पंधरा पावलांत मी बोलू शकले असते. मी बोलले नाही.

अकरा नंबरची काच साबूत होती.

टॉर्चचा उजेड काचेवर फिरला. मग इंजिनिअर म्हणाला, "काका, ही तर ठीक आहे. म्हणजे भिंत हललेली नाही." सेक्रेटरी लगेच म्हणाले, "म्हणजे खड्ड्यानेही काही झालेलं नाही. चला, ते एक मिटलं." त्या क्षणी, बघा, सगळ्यांचं भलं झालं होतं. भाडेकरूंची भिंत पास. खड्डा निर्दोष. घरी जायला सगळे मोकळे.

काकांनी वही उघडली. शनिवारच्या पानावर माझं अक्षर होतं. त्यांनी ते वाचलं, काचेकडे पाहिलं, आणि मग भिंतीला हात टेकून पुढे वाकले. गोळ्याला जीभ लावली.

सेक्रेटरी हसले. इंजिनिअरने नजर वळवली, म्हाताऱ्या माणसाकडे बघून लाज वाटावी तशी. काका सरळ उभे राहिले.

"साहेब, ही काच माझी नाही."

"मग कोणाची?"

काकांनी वही मिटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बोट दाखवलं असतं तर मी कदाचित नाकारलं असतं. पण ते समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले, मला वेळ देत.

"माझी," मी म्हणाले. "जुनी तुटली होती. शनिवारी मी बदलली."

"जुनी कुठे आहे?" इंजिनिअरने विचारलं.

मी खिडकीतून खड्ड्याकडे हात केला. तिथे आदल्याच दिवशी काँक्रीट ओतलं होतं.

इंजिनिअर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. त्याला राग आलेला नव्हता, राग आला असता तर बरं झालं असतं. "ताई, ती तुटलेली काच जागेवर असती तर मला सगळं लिहिता आलं असतं. तारीख होती, वही होती. आता मी काय लिहू? वहीत साबूत, भिंतीवर बनावट. आणि एक बनावट असेल तर बाकीच्या एकोणीस खऱ्या कशावरून?"

मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. मीही हेच विचारलं असतं."

मावशीने हातोडी खाली ठेवली. "काका, गप बसला असतात तर तुमचं काय गेलं असतं? पास झाली होती ना भिंत."

"माझं काही गेलं नसतं," काका म्हणाले. "तू त्या भिंतीला पाठ लावून बसतेस."

इंजिनिअरने दक्षिणेची बाजू धोकादायक लिहिली आणि ती पावसाळ्याआधी उतरवली. उरलेल्या भागाला टेकू लागले, मग टेकूंमुळेच तो धोकादायक दिसू लागला, मग भाडेकरू कंटाळून पांगले. सिंहस्थ आला आणि गेला. त्यानंतर एके वर्षी उरलेलीही गेली. मावशी चांदवडला भावाकडे परतली. टेम्पोत ऐरण चढवताना मला म्हणाली, "तुझ्यावर राग नाय बाई. पण पुढल्या टायमाला कोणाला मदत करायची तर आधी विचारून कर."

वडिलांनी पेढे वाटले नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पत्रकात चूक झाली तर आपण शुद्धिपत्र छापतो. भिंतीचं शुद्धिपत्र कुठे छापणार आहेस?"

काकांकडे जायला मला महिना लागला. गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या तडकलेल्या काचेखाली बसून भाजी निवडत होते. मी म्हणाले, "ते पान मी फाडून टाकते. माझ्या अक्षराचं." त्यांनी वही माझ्यापासून लांब सरकवली. "पान फाडायचं नाही," ते म्हणाले. "चुकीचं असलं तरी तारीख आहे त्याच्यावर. राहू दे." मग भाजीचं ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "शनिवारी येतेस का? घाटावर एक पार आहे, त्याच्यावर मला संशय आहे." मी गेले. पुढची पाच वर्षं, ते असेपर्यंत, जात राहिले. पाहणीच्या त्या दिवसाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत, पण तेव्हापासून 'आज किती शेकडो' हेही त्यांनी विचारलं नाही. ते विचारत असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आता धर्मशाळेच्या जागी चार मजली इमारत आहे. बाहेरचा ओटा मात्र उरला आहे. तो रस्त्याच्या हद्दीत येत होता, म्हणून विकत घेणाऱ्याला मिळाला नाही आणि कोणी पाडलाही नाही. रिक्षावाले तिथे बसून चहा पितात. माझे आजोबा जिथे झोपायचे तो दगड साबूत आहे, पण ज्या दाराच्या आत त्यांना जाऊ दिलं नाही ते दार नाही. दाराविना तो नुसता ओटा. कोणालाही विचारा, बसायला बांधला असेल म्हणतील. साक्षीदार वाचवायला निघालेल्या मुलीने साक्षच खड्ड्यात फेकली, आणि हे मी कोणत्याही पत्रकात आजवर लिहिलेलं नव्हतं.

बिस्किटाचा डबा काकूंनी मला दिला. वही माझ्याकडे आहे, ते पानही. नकाशाही, 'येथपर्यंत' सकट.

तुम्हाला मी वारसा वाचवा असं सांगणार नाही. सभेला या, सही करा, हेही नाही. एक काम करा. या शनिवारी काचेच्या दुकानातून बोटभर रुंदीची एक पट्टी कापून घ्या. तुमच्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या भिंतीपाशी जा, तिथे राहणाऱ्यांना विचारा, आणि भेगेवर ती आडवी बसवा. ओल्या गोळ्यात तारीख कोरा. पुढच्या शनिवारी बघा आणि जे दिसेल ते लिहा.

आणि एक दिवस ती तुटलेली दिसली, तर तिला हात लावू नका. आधी मागे जाऊन बघा, कोणी खड्डा खणला आहे का.